चटईवरची पाहुणी

मला माणूस वाटून घेता येत नाही. खाऊ वाटून घेता येतो, खोली येते, एका बादलीत दोघींच्या आंघोळी उरकताही येतात. बोर्डिंगमध्ये राहिलेल्या बाईला हे सगळं यावंच लागतं. माणूस मात्र नाही. माझं माणूस म्हणजे माझंच. माझ्यात सुधारणा व्हावी म्हणून कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांनी पुष्कळ प्रयत्न केले, आणि त्या प्रयत्नांमुळेच हे दुखणं पक्कं झालं, असं माझं आजही मत आहे.

बोर्डिंग आमच्या घरापासून इतकं जवळ होतं की कुणाला सांगायची लाज वाटायची. बाकीच्या बहुतेक मुली डहाणू-तलासरीकडच्या, काही थेट सिंधुदुर्गातून आलेल्या. मी आले होते सायकलच्या अंतरावरून. वसईतल्या आमच्या वाडीतला केळ्यांचा टेम्पो कॉन्व्हेंटच्या फाटकावरून जायचा आणि मी व्हरांड्यात दिसले तर ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. संध्याकाळी वारा समुद्राकडून असला की आमच्या देवळाची घंटा मला अभ्यासाच्या हॉलमध्ये ऐकू यायची. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. ती घंटा झाली की घरोघरी तेर्साला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला बसायची वेळ व्हायची, आणि मी इथे भूमितीचं प्रमेय घोकत असायचे.

एवढ्या जवळ घर असताना बोर्डिंग कशाला, असं सगळ्या विचारायच्या. बाबा आखातात होते. आई मुंबईच्या एका इस्पितळात नर्स, आणि नर्सची ड्युटी म्हणजे आज सकाळ, उद्या दुपार, परवा रात्र. आजी होती तोवर ते निभलं. आजी गेल्यावर आईने काही दिवस ओढाताण केली आणि मग माझी पत्र्याची ट्रंक बाहेर काढली. “रिकाम्या घरात पोरीला ठेवनार नाय मी,” ती आत्याला म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती शेजारच्याच घरात राहायची आणि मला ठेवून घ्यायला तयार होती, पण तिच्या घरात अभ्यास सोडून सगळं होतं असं आईचं म्हणणं. तेव्हा कॉन्व्हेंट.

आईच्या बाबतीत मी तशीही पहिल्यापासून कंजूस. घरी आली की ती तिच्या वॉर्डातल्या गोष्टी सांगायची. खिडकीजवळच्या बेडवर एक म्हातारी होती, ती म्हणे आईशिवाय कुणाच्या हातून पेज खात नसे. मी त्या न बघितलेल्या म्हातारीवर जळायचे. तिला माझी आई चमच्याने भरवते आणि मला सांगते, “टोपात हाय, घे वाढून.” म्हातारी बरी होऊन घरी गेली तेव्हा आईला वाईट वाटलं आणि मला मनापासून आनंद झाला. ती मेली असती तर काय वाटलं असतं, याचा मी कधी विचार केला नाही.

बोर्डिंगमध्ये ‘माझं’ म्हणून फारसं काही नव्हतंच. कपड्यांवर लाल दोऱ्याने नंबर घातलेला असायचा तेवढाच. घरून आलेला खाऊ सिस्टरकडे जमा करायचा आणि दुपारी तो सगळ्यांच्या ताटल्यांत दिसायचा. माझी आई सुकेळी फार सुरेख करायची, राजेळी केळी सोलून, उन्हात फिरवून फिरवून वाळवलेली, आतून मधासारखी. ती मुली मिटक्या मारत खायच्या आणि मी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत बसायचे. ‘घे गं, तुला नको का?’ असं कुणी विचारलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझंच मला विचारून देतायत!

या सगळ्यातून सुटका फक्त भेटीच्या रविवारी. महिन्यातला पहिला रविवार. मिस्सा, म्हणजे देवळातली सकाळची उपासना, आणि नाश्ता आटोपला की आम्ही डॉर्मिटरीतून चटया खाली आणायचो आणि आवारातल्या आंब्यांखाली जागा धरायचो. मग घरची माणसं डबे घेऊन यायची. दुपारची घंटा होईपर्यंत ती आपली. त्या डब्याला सिस्टरही हात लावत नसत. आई कधीकधी रात्रपाळी करून परस्पर यायची. तिच्या हातांना डेटॉलचा वास असायचा आणि मला जेवताना बघता बघता ती बसल्या जागी डुलक्या घ्यायची. मला चालायचं. झोपलेली का होईना, माझ्या चटईवर होती.

फक्त एक नियम होता. त्या दिवशी कुणी एकटीने जेवायचं नाही. जिच्या घरचं कुणी आलं नसेल तिला बोर्डिंगच्या सिस्टर हाताला धरून आणायच्या, कुणाच्या तरी चटईवर बसवायच्या आणि “ही आज तुमची पाहुणी” एवढंच म्हणून पुढे जायच्या. पाहुण्या आळीपाळीने सगळ्यांकडे जायच्या. निदान जायला हव्या होत्या. आमच्याकडे एक आली आणि राहिली.

तिला आम्ही फुलपाडा म्हणायचो. नावापेक्षा गावाने हाक मारायचीच तिथे पद्धत. एक चांदीप होती, एक चंदनसार. मला म्हणायचे बाजूवाली. फुलपाड्याचे वडील टेम्पो चालवायचे आणि रविवारी भाडं नसलं तरच यायचे. तिची मम्मी कुवेतला होती, एका घरातली मुलं सांभाळायला. दर रविवारी ऑफिसातल्या फोनवर मम्मीचा फोन यायचा. बोर्डिंगमध्ये तिच्याइतकी चॉकलेटं कुणाकडे नव्हती, आणि अंगाला लावायचं ते सुगंधी लोशन तर सिस्टरांनीही पाहिलं नव्हतं. म्हणजे तिला आई होती. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे असं बोलायला लागले की जणू ही पोर उघड्यावर पडलीय.

आठवीच्या सुरुवातीचा रविवार असावा. सिस्टर तिला घेऊन आल्या. ती चटईच्या कोपऱ्यावर टेकली, अगदी शहाण्यासारखी, पाय पोटाशी घेऊन. आईने तिला तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं सुकं वाढलं. एक घास खाऊन ती म्हणाली, “आंटी, एकदम कडक झालंय! असं तर मी लाइफमध्ये नाही खाल्लं.” आईचा चेहरा असा फुलला की मी बघतच राहिले. आईच्या हातचं मी जन्मापासून खात होते, पण जेवणाची स्तुती करायची असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

जेवणं झाली की माझे केस बघायचा आईचा कार्यक्रम असायचा. बोर्डिंग म्हटलं की उवा आल्याच. पांढऱ्या कापडावर माझं डोकं वाकवून ती बारीक फणी फिरवायची. तिची बोटं मानेवर लागायची आणि मला गुंगी यायची. महिनाभर मी त्या बोटांची वाट बघायचे. त्या दिवशी माझी एक बाजू जेमतेम झाली असेल, तोच आईचं लक्ष समोर गेलं. फुलपाड्याने वेणी सोडली होती. केस कमरेच्याही खाली, काळेभोर, दाट. माझी वेणी म्हणजे उंदराची शेपटी.

“अगो, केवढे केस हायत पोरीचे!” आई म्हणाली. “कोन बघतं गं तुझे?”

“कोणीच नाही, आंटी. मीच करते कसंतरी.”

“ये, इकडे बस. बघू.”

ती बसली. आईने माझ्या डोक्यावरचा हात काढला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. एवढे केस विंचरायला वेळ लागणारच. एका एका बटेला तेल लावून, गुंता सोडवून, घट्ट वेणी घालेपर्यंत घंटा झाली. माझी दुसरी बाजू तशीच राहिली. “तुझे पुढच्या येळेला,” म्हणत आईने डबे पिशवीत भरले. मी अर्ध्या विंचरलेल्या डोक्याने फाटकापर्यंत गेले आणि परत आले. त्या आठवड्यात डोकं खाजलं की मला फुलपाड्याचा राग यायचा.

पुढच्या महिन्यात सिस्टरांना तिला आणावं लागलं नाही. ती आपली आपणच आली आणि चटईचं दुसरं टोक धरून माझ्याबरोबर अंथरू लागली. आई आली तेव्हा ती पाणी आणायला गेली होती. आईने बसायच्या आधी विचारलं, “ती कुठं हाय?” मग ती दिसली तेव्हा, “ये गो बाय, ये!” बाय. आमच्याकडे लाडाने मुलीला बाय म्हणतात. माझ्या घरात ती हाक एकटीची होती. डब्यात त्या दिवशी सुकेळीच्या दोन पुड्या होत्या, सारख्या, एकाच वर्तमानपत्रात बांधलेल्या. मी दोन्ही हातांत घेऊन पाहिल्या. तिची जड होती, अशी माझी खात्री होती.

त्याच्या पुढच्या खेपेला फुलपाड्याला खोकला झाला होता. आईने तिच्या पाठीला कान लावून ऐकलं, घसा बघितला, पर्समधून गोळ्या काढून दिल्या आणि सिस्टरांना जाऊन सांगून आली की हिला रोज गरम पाणी द्या. एवढं सगळं होईपर्यंत मी काय बघत बसणार? मलाही पोटात दुखायला लागलं. मी आडवी झाले, कण्हले. आईने माझ्या पोटावर हात ठेवला, इथे दाबलं, तिथे दाबलं आणि हसली. “पोट छान हाय तुझं. ऊठ, भाकरी खा.” आई नर्स असण्याचा एवढा तोटा कुणाला झाला नसेल.

बोलायची सोय नव्हती. वॉर्डन, वर्गबाई, मदर सुपीरियर, सगळ्यांना ते फार गोड वाटत होतं. एकदा बोर्डिंगच्या सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, “बघा, आपली आई दुसरीला देणारी मुलगी. याला म्हणतात प्रेम.” टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली, तेही त्यांना विनय वाटलं. मी दिली नव्हती. माझ्याकडून घेतली होती आणि वर टाळ्या वाजवत होत्या.

मग दृढीकरणाची तयारी सुरू झाली. लहानपणी बाप्तिस्मा होतो तेव्हा आपल्या वतीने मोठी माणसं बोलतात. दृढीकरणाला आपण समजून उमजून उभं राहायचं, आणि बिशप कपाळाला पवित्र तेल लावतात. धर्मशिक्षणाचा वर्ग बोर्डिंगच्या सिस्टरच घ्यायच्या. त्यांनी सांगितलं, “प्रत्येकीने आपली धर्ममाता निवडायची. बिशप तेल लावतील तेव्हा ती तुमच्या मागे उभी राहील. तिचा उजवा हात तुमच्या उजव्या खांद्यावर असेल. ती तुमची साक्षीदार. जन्मभराची.”

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मला दिसत होतं ते एवढंच: आई माझ्या मागे, तिचा हात माझ्या खांद्यावर, अख्खं देऊळ बघतंय, बिशप बघतायत, आणि मध्ये येऊन बसायला चटईच नाही. फोटोही निघणार. मग म्हणा ‘ये गो बाय.’

सिस्टर एकेकीला विचारत होत्या. मावशी, काकी, मोठी बहीण, शेजारीण. माझी पाळी आली. “माझी आई,” मी खणखणीत आवाजात म्हणाले.

सगळ्या फिदीफिदी हसल्या. सिस्टरही हसल्या, वाईट हेतूने नाही. “अगं, आई चालत नाही. आई-बाबा सोडून दुसरं कुणीही.”

“का?”

“आई तर आहेच की तुझी. तिने तुला बाप्तिस्म्याला आणलं, आता आणखी काय साक्ष द्यायची? हे माणूस जास्तीचं मिळतं, म्हणून तर निवडायचं.”

मला जास्तीचं नको होतं. होतं तेच पुरेपूर हवं होतं. पण पवित्र मंडळीचा, म्हणजे चर्चचा नियम, त्यापुढे मी काय बोलणार? “मग आत्या,” मी म्हणाले, बस चुकल्यावर ‘चालत जाते’ म्हणावं तशी. आणि खाली बसतेय तोच पलीकडच्या बाकावरून हात वर आला.

“सिस्टर, हिची मम्मी चालेल का? मला?”

“हो, चालेल की!” सिस्टरांचे डोळे चमकले. “छानच! विचार त्यांना येत्या रविवारी.”

मी बाकाची कड धरून बसले. ज्या नियमाने माझी आई मला मिळत नव्हती, त्याच नियमाने ती फुलपाड्याला मिळत होती. ती माझी आई आहे म्हणून मला नाही, तिची नाही म्हणून तिला. आजवर मी चर्चचे पुष्कळ नियम पाळले, काही मोडले, पण एवढा राग मला दुसऱ्या कुठल्या नियमाचा आला नाही.

रविवारपर्यंत माझी एकच आशा होती, ड्युटी. आईच्या ड्युटीने आजवर माझं सगळं बुडवलं होतं. सातवीच्या गॅदरिंगला मी कोळीण झाले होते, पहिल्या ओळीत नाचले, बघायला आत्या आली. “ड्युटी हाय बाय, काय करू?” वाढदिवसांची तीच गत. तेव्हा ही ड्युटी एकदा तरी माझ्या बाजूने उभी राहील असं मला वाटत होतं. वर्गात मी आईचं नाव घेतलं आणि सगळ्या हसल्या, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार?

फुलपाड्याने जेवण होऊ दिलं. हात धुतले. मग आईसमोर नीट गुडघ्यांवर बसली, देवळात बसतात तशी. “आंटी, तुम्ही माझी गॉडमदर व्हाल?”

आईच्या हातात भांडं होतं ते तसंच राहिलं. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं आता ती माझ्याकडे बघेल. एकदा तरी. विचारायला नको, परवानगी मागायला नको, नुसतं बघेल. तिने बघितलं नाही. “होईन की गो,” ती म्हणाली. “का नाय होनार?”

“आये, तुझी ड्युटी असेल,” मी म्हणाले.

“बदलून घेईन.”

बदलून घेईन! म्हणजे बदलता येत होती. इतकी वर्षं ती ड्युटी बदलता येत होती. मी उठून पाणी प्यायला गेले आणि नळाखाली तोंड धरून बराच वेळ उभी राहिले.

दृढीकरण थंडीच्या दिवसांत झालं, बोर्डिंगशेजारच्या देवळात. आम्ही सगळ्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये. उंचीप्रमाणे रांग लावली आणि देवाच्या दयेने मी आणि फुलपाडा एकाच उंचीच्या निघालो. आईने मोतिया रंगाची साडी नेसली होती. बाबांनी आणलेली ती साडी मी कपाटाबाहेर कधी पाहिली नव्हती. माझ्या मागे आत्या. आत्याला गुडघ्यांचा त्रास, त्यामुळे तिने हात खांद्यावर ठेवला नव्हता, खांद्यावर भार टाकला होता. तिच्या बांगड्या मला टोचत होत्या आणि “किती येळ उभं करतात गो!” असं ती माझ्या कानाशी पुटपुटत होती.

समोर बघायचं, असं सिस्टरांनी बजावलं होतं. मी बाजूला बघत होते. आईचा हात फुलपाड्याच्या खांद्यावर होता, माझ्यापासून वीतभर. नखं बारीक कापलेली, बोटं जरा पसरलेली. मला माहीत असलेला हात. दुसरा हात मोकळा होता. त्याने तिने माझा दंड धरला असता तर बिशपांनी काय तिला बाहेर काढलं असतं? मी वाट बघितली. त्या हाताने तिने पदर सावरला, मग पर्स सावरली. बिशप माझ्यासमोर आले, माझ्या कपाळाला तेल लागलं. त्या क्षणी मनात काय असावं ते आम्हाला महिनाभर शिकवलं होतं. माझ्या मनात ती पर्स होती.

बाहेर पायऱ्यांवर फोटोग्राफर जोड्या-जोड्यांचे फोटो काढत होता. आई आणि फुलपाडा उभ्या राहिल्या. “आई, जरा मुलीच्या जवळ सरका,” तो म्हणाला. “हां, बरोबर. दोघी सेम टू सेम दिसता.” त्याची काही चूक नव्हती, त्याला काय ठाऊक? पण आईने त्याला सांगितलं नाही. ती हसली आणि जवळ सरकली. तो फोटो अजून आईच्या हॉलमध्ये आहे. फुलपाडा आता चंदनसारला फ्लॅटमध्ये राहते, सणाला नवऱ्याच्या स्कूटरवरून येते आणि आल्या आल्या त्या फोटोवरची धूळ पुसते. मी तिथे राहते, रोज झाडलोट करते, पण त्या फोटोला फडकं लावत नाही.

त्या दिवशी आम्हाला घरी जेवायला जायची परवानगी होती. फुलपाड्याचे वडील मिस्सेला आले होते, आईसमोर हात जोडून ते भाड्याच्या घाईत गेले. अर्थातच ती आमच्याकडे आली. आमच्या ओट्यावर नातेवाईक जमले होते आणि त्यांच्या मधोमध ती बसली होती. आत्या तर, जी माझी धर्ममाता, ती तिला, केसांना काय लावतेस, शिकेकाई की काय, असं विचारत होती. मी स्वयंपाकघरात गेले. आई एकटी होती. साडीवर जुनं लुगडं गुंडाळून ती परातीतल्या कोळंबीला हळद-मीठ चोळत होती.

“तू तिला हो का म्हनालीस?” मी विचारलं.

“कुनाला?”

“तुला ठाऊक हाय कुनाला.”

तिने मान वर केली नाही. “अगो, तिने इचारलं. मला आजवर असं कोनी इचारलं नव्हतं. पेशंट हाका मारतात, सिस्टर इकडे या, सिस्टर तिकडे या. त्यांना नर्स पायजे, मी नाय तर दुसरी. तुझे बाबा फोनवर कामं सांगतात. तू तर जन्मलीस तीच माझी. मला कोनी निवडून घेतलं नव्हतं कधी.”

“मी घेतलं होतं.”

“काय?”

“मी तुझंच नाव सांगितलं होतं. तिच्या आधी. सगळ्यांच्या समोर. सगळ्या हसल्या. मग सिस्टर म्हनाल्या, आई चालत नाय.”

आईचे हात परातीत थांबले. त्या सबंध दिवसात तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“आनि हे तू मला आत्ता सांगतेस?”

“काय सांगू? चालतच नाय तर.”

तिने परात बाजूला सारली, उठली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. मग तिने हात ठेवला. देवळात ठेवतात तसाच, उजवा हात उजव्या खांद्यावर, आणि दाबला. समोर तांदळाची कोठी होती. मी ताठ उभी राहिले. तिचा श्वास माझ्या डोक्यावर लागत होता आणि आम्ही दोघी त्या कोठीकडे बघत होतो. मला रडायचं नव्हतं, मला फक्त कुणी येऊ नये असं वाटत होतं.

“आई!” बाहेरून हाक आली. “आई, पाणी मिळेल?”

फुलपाड्याचा आवाज. सकाळपर्यंत ती आंटी म्हणत होती. आता आंटी नाय म्हनायचं, असं ओट्यावर आत्यानेच शिकवलं असणार. तिला कुवेतला मम्मी होती, आता वसईत आई झाली.

“ओ!” आईने माझ्या मागून उत्तर दिलं. इतक्या पटकन की मला वळायलाही वेळ मिळाला नाही. खांद्यावरचा हात गेला. तिने हात धुतले, तांब्या भरला आणि ती बाहेर गेली.

मी ओट्यावर आले तेव्हा आत्या किंचाळली. “अगो, फ्रॉकला काय लावून आलीस? काढ, काढ, आत्ता साबन लाव, नायतर हळद जायची नाय!” मी काढला नाही. ती माझ्या मागे लागली, मी चाफ्याच्या झाडाभोवती पळाले, सगळे हसले, पण मी काढला नाही. त्याच फ्रॉकवर जेवले.

दुपार उतरल्यावर आईने आम्हाला रिक्षात बसवलं. मी मुद्दाम फुलपाड्याच्या डाव्या हाताला बसले, म्हणजे माझा उजवा खांदा तिच्याकडे येईल. तिचा फ्रॉक सकाळी होता तसाच पांढराशुभ्र होता. रिक्षा वळली तशी तिची नजर पडली. पिवळीधमक पाची बोटं, अगदी स्पष्ट.

“हे काय गं लागलं तुला?” तिने विचारलं.

“आईचा हात,” मी म्हणाले, आणि कॉन्व्हेंटचं फाटक येईपर्यंत खांदा तिच्याकडे तसाच धरून बसले.